ग्लेशियर एक्स्प्रेस: आईबाबांसाठी एक्सलन्स क्लास घ्यावा का?

रंकाळाकाठ: मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. बाबांनी जन्मभर कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मीनं केली, रात्रीची. खिडकीतून घाट कधी दिसलाच नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधली ग्लेशियर एक्स्प्रेस, डोंगरातून जाणारी गाडी: झेरमाट ते सेंट मॉरिट्झ, आठ तास, दिवसाउजेडी. साठवलेत पैसे, पण एक्सलन्स, म्हणजे तिच्यातला सगळ्यात वरचा वर्ग, घ्यावा का?

शाहूपुरीकर: आम्ही आईला घेऊन सेकंड क्लासनं गेलो. छताकडं वळलेल्या मोठ्या काचा तिथंही आहेत. एक्सलन्समध्ये मात्र प्रत्येकाला खिडकी नक्की, शिवाय जागेवर कोर्सवार जेवण. पन्नाशीसाठी घ्याच. स्विस पास (तिथल्या रेल्वेप्रवासाचा पर्यटक पास) असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, ते धरून चला. ओबरआल्प खिंड २०३३ मीटरवर, तिथं आई बोलायचीच थांबली. पुढं लँडवासरचा पूल, ६५ मीटर उंच. गाडी कमानींवर वळते आणि थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. तिनं माझा हात सोडला नव्हता.

पंचगंगा: काचा उघडत नाहीत, फोटोत प्रतिबिंब येतं. गडद शर्ट घाला.

रंकाळाकाठ: ठरलं, एक्सलन्सच. खिडकी बाबांची.