आयरिश सूनबाईच्या रिसेप्शनला मामाने काय बोलावं?

तापीकाठचा_मामा (चोपडा)
राम राम मंडळी. भाचा डब्लिनला नोकरीला आहे, त्याने तिकडचीच मुलगी केली. लग्न तिकडे उरकलं, आता जळगावला रिसेप्शन आहे. मुलीचे आईवडील आणि आजोबा येताहेत. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही ग्लास उचलून दोन शब्द बोला, त्यांच्यात पद्धत असते." मी पडलो माळकरी. केळीच्या भावावर व्यापाऱ्याशी भांडायला सांगा, तासभर भांडेन. पण हे काय बोलायचं? नेटवर शोधलं तर सैतान आणि मरण निघालं. लग्नात असलं बोलतात? आणि ग्लासात ताक चालेल का?

धुळेकर_वहिनी
भाऊ, "चीअर्स" म्हणा आणि पंगत बसवा. शेवभाजीचा रस्सा पोटात गेला की पाहुणे आपोआप देवाचं नाव घेतील.

कॉर्क_रिटर्न (भुसावळ)
मामा, मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात औषधांच्या कारखान्यात होतो. तिकडची लग्नं पाहिली, मयतीही पाहिल्या.

आधी ताकाचं. बिनधास्त घ्या. तिकडेही न पिणारे असतात. पायोनियर म्हणून दारू सोडणाऱ्यांची संघटना १८९८ पासून आहे, ते कोटावर छोटा बिल्ला लावतात. तुमच्या माळेसारखंच. आजोबांना लगेच उमजेल.

सैतानाची ओळ अशी: "तू मेल्याचं सैतानाला कळायच्या अर्धा तास आधीच तू स्वर्गात पोचलेला असो." ही दोस्तांत, पबमध्ये चालते. मयताच्या घरी लोक रात्रभर बसतात, चहा-व्हिस्की फिरते, गेलेल्याच्या खोड्या सांगून हसतात. आपल्याकडे असं कोणी हसलं तर भाऊबंद उठून जातील. रिसेप्शनला ती नको.

साधं बोलायचं तर ग्लास उचलून "स्लॉन्चा" म्हणा, म्हणजे तब्येत चांगली राहो. लग्नात "तुमच्या लेकरांच्या लेकरांना लेकरं होवोत" असंही म्हणतात. आपलं अष्टपुत्रा सौभाग्यवतीच.

पण तुम्ही शेतकरी, तुमच्या तोंडी शोभेल असा जुना आशीर्वाद वेगळा आहे: आरोग्य आणि आयुष्य लाभो, बिनखंडाची, म्हणजे मालकाला भाडं न देता कसायची, जमीन मिळो, दरवर्षी लेकरू होवो, आणि मरण आयर्लंडमध्येच येवो.

यातली जमिनीची ओळ उगाच आलेली नाही. जमीनदार इंग्रजांच्या बाजूचे, कुळं आयरिश. १८४५ ला बटाट्यावर करपा पडला, पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. खंड थकला की कुळाला घराबाहेर काढायचे, परत येऊ नये म्हणून छप्परही पाडायचे. खंडाविरुद्धची मोठी चळवळ १८७९ ला मेयो भागातून उठली. खंडाने शेत कसलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

फक्त दरवर्षी लेकराची ओळ मुलीच्या आईसमोर नको.

सातपुड्याचा_पोरगा
आमच्या धडगावकडे मोहाचे पहिले थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडतात, मग पितात. मामा, ताकाचे दोन थेंब सोडा, त्यांच्या पूर्वजांच्या नावाने आणि तुमच्याही. हॉटेलवाला गालिच्यावरून ओरडला तर माझं नाव सांगू नका.

तापीकाठचा_मामा (चोपडा)
बठ्ठं समजनं भो. मीही बारा बिघे खंडानेच करतो. पण चौथी ओळ कशी म्हणू? बहीण समोर बसलेली असणार. पोरगा तिकडेच घर घेतोय, आणि मी म्हणू मरणही तिकडेच येवो? ती तिथेच रडेल.

कॉर्क_रिटर्न (भुसावळ)
खरंय. तो आशीर्वाद देश सोडून गेलेल्यांच्या ओढीतून आलाय, इथे उलटा पडेल. पहिल्या दोनच म्हणा. जमिनीची ओळ मराठीत म्हणा, भाच्याला इंग्रजीत सांगू द्या, आणि म्हणताना तोंड आजोबांकडे ठेवा.