पठारावर कॉलेजची नवी इमारत: नकाशा पक्का होण्याआधी काय बदलावं?

समिती_फोंडा
नमस्कार. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात पठारावर आमच्या कॉलेजची तळमजला अधिक दोन मजले अशी इमारत व्हायची आहे. गच्ची सपाट, 900 चौरस मीटर. पश्चिमेला 2.1 मीटर रुंद उघडा कॉरिडॉर. दर्शनी बाजू स्वच्छ दिसावी म्हणून पावसाचे पाइप खांबांत लपवले आहेत. जोतं 60 सेंटिमीटर. खाली चिराच (जांभा दगड) आहे, भू-परीक्षण नको, असं कंत्राटदार म्हणतो. समितीत कशाचा आग्रह धरावा?

गच्ची_आणि_गटार
सर्वांत आधी ते पाइप खांबांतून बाहेर काढा. सांधा गळला की ओल सळईपर्यंत जाते, आणि पाइप बदलायचा तर खांब फोडावा लागतो. शाफ्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) घ्या, नाहीतर सरळ भिंतीबाहेरून क्लॅम्पवर.

पाइप किती, हे मोजून ठरवा. ताशी 100 मिमी पाऊस धरला तर 100 मिमी व्यासाचा एक पाइप साधारण 85 चौरस मीटर गच्चीचं पाणी नेतो. तुम्हाला 11 लागतील. 150 मिमीचे चार पुरतात, पण त्यातला एक पाल्यानं तुंबला की पाव गच्चीचं तळं होतं. म्हणून 11 च बरे. शिवाय पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) जादा पाण्याची तोंडं ठेवा आणि जिन्याच्या खोलीचा उंबरठा त्यांच्यापेक्षा उंच घ्या.

उतार किमान 1:100, जमलं तर 1:80. गच्ची आणि पॅरापेटच्या कोपऱ्यात गोलाई करून वॉटरप्रूफिंग तयार फरशीच्या वर 15 सेंटिमीटर चढवा, वरची कड खाचेत दाबा. बहुतेक गळती मधल्या स्लॅबमधून नाही, या कडेतून आणि पाइपाच्या तोंडापासून सुरू होते. फरशी बसवण्याआधी तोंडं बंद करून 48 तास पाणी साठवून बघा. ही अट निविदेतच लिहा.

चिरेखाण
भू-परीक्षण सोडू नका. वरचा चिरा कडक असतो, पण त्याखाली बऱ्याचदा मऊ पांढुरकी-गुलाबी माती असते आणि मध्ये पोकळ्याही सापडतात. पाया खोदताना कडक थर कापला गेला तर भार थेट त्या मातीवर येतो. चार कोपरे आणि मध्य, असे जमीन तपासायला निदान पाच बोअर घ्या. जुनी, बुजवलेली चिरेखाण जागेत असेल तर तिथे जास्त.

पाणी जिरवण्याचा खड्डा पायाजवळ नको, पठाराच्या कडेलाही नको. कडेला मुरलेलं पाणी उतार ढासळवतं. आणि सगळं आवार पेव्हरनं झाकू नका. पठारावर मुरतं तेच पाणी पायथ्याच्या झरींना आणि कुळागरांना (सुपारीच्या बागांना) मिळतं. म्हणूनच सांडपाणी जमिनीत सोडायचं नाही.

रॅम्प_1_12
जोतं 60 सेंटिमीटर, म्हणजे 1:12 उतारानं रॅम्प 7.2 मीटर, वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा धरून 10.2. ती जागा नकाशात आत्ताच दाखवा. नंतर पार्किंग आडवं येतं आणि रॅम्प उभा चढ होऊन बसतो.

पश्चिमेचा कॉरिडॉर वर्गांना उन्हापासून वाचवतो, पण पाऊसही त्याच बाजूनं झोडपतो. खोल छज्जा, फरशी खरखरीत, उतार बाहेरच्या बाजूला, पातळी वर्गापेक्षा 2 सेंटिमीटर खाली.

समिती_फोंडा
आभारी आहे. पाइप आणि बोअर, दोन्ही मुद्दे लेखी देतो. पावसाच्या पाण्यासाठी 1 लाख लिटरची टाकी पुरेल?

गच्ची_आणि_गटार
वर्षाला 3,000 मिमी पाऊस आणि 0.8 गुणांक (पडलेल्या पावसातला हाती लागणारा वाटा) धरला तर गच्चीवरून 21 लाख लिटरहून जास्त पाणी येतं. 500 विद्यार्थी, फ्लशला माणशी 20 लिटर, म्हणजे रोज 10,000. टाकी दहा दिवसांत रिकामी. उन्हाळ्यासाठी ती धरू नका. पावसाळ्यातल्या उघडिपीपुरती ठीक आहे. जादा पाणी गाळणीतून विहिरीत सोडा, पहिल्या पावसाचं मात्र बाहेर. फ्लशची पाइपलाइन पहिल्या दिवसापासून वेगळी, वेगळ्या रंगाची टाका, आणि पिण्याच्या लाइनशी तिचा एकही जोड ठेवू नका.