गावाचा, शहराचा पैसा येतो कुठून? आपापले अनुभव लिहा

घरपट्टी वाढवली की मोर्चा, रस्त्यात खड्डे पडले की परत मोर्चा, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेनं पैसा आणायचा कुठून हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाय. ज्यांनी तिथं काम केलंय, निवडून आलेत, वसुलीला फिरलेत त्यांनी लिहा. पक्षांची भांडणं इथं नकोत.

—

मी सातारा जिल्ह्यात ग्रामपंचायत सदस्य होतो. लोकांना वाटतं वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा निधी आला म्हणजे सरपंचाच्या हातात पैसा, पण 15व्या वित्त आयोगाचं (2021 ते 2026) बघा, 60 टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, उरलेला 40 टक्के अबंधित आणि त्यातूनही पगार करता येत नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाच्या पगारातला ग्रामपंचायतीचा हिस्सा घरपट्टी-पाणीपट्टीतूनच काढायचा. मार्च आला की ग्रामसेवक, शिपाई आणि आम्ही सदस्य पावतीपुस्तक घेऊन दारोदार, चहा सगळीकडे मिळायचा, पैसे "पुढच्या आठवड्यात". भावकीतलंच घर, त्याचं नळ कनेक्शन कोण तोडणार, मत मागायलाही तिथंच जायचं असतं. मग बाकी असेल तर दाखला नाही असं सुरू झालं आणि पोरांच्या अ‍ॅडमिशनच्या वेळेला, जूनमध्ये वसुली वाढली. मला ते पटायचं नाही, कारण दाखले गरिबालाच सारखे लागतात, बंगलेवाल्याला वर्षानुवर्षं लागत नाहीत आणि मोठी थकबाकी त्याचीच असते.

—

मी जकात नाक्यावर नोकरी केली. रात्रभर ट्रकची रांग, पावती फाडली की रोजच्या रोज तिजोरीत पैसा, पगाराची काळजी नव्हती. पण ट्रकवाल्यांचे तासन् तास जायचे, चिरीमिरी चालायची, जकात गेली ते योग्यच झालं. मग जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना माफ झाला, 2017 ला जीएसटी. आता बुडालेल्या कराची राज्य सरकारकडून महापालिकेला भरपाई येते, 2017 च्या कायद्यात दरवर्षी 8 टक्के वाढ धरलीय. पण ही रक्कम सूत्रानं ठरलेली, शहरातला धंदा दुप्पट झाला तरी महापालिकेला त्याचा वेगळा फायदा नाही. जीएसटीतला ठरावीक टक्का थेट शहराला मिळाला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

—

कर्जरोख्यांचं, म्हणजे रोखे विकून बाजारातून कर्ज उभारण्याचं कुणी लिहिलं नाही. पुणे महापालिकेनं जून 2017 मध्ये 24 तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, व्याज 7.59 टक्के. मी एका लहान नगरपरिषदेत अकाउंट्सला आहे, आम्हाला असं कर्ज कोण देणार? रेटिंग हवं तर आधी हिशेब अप टू डेट पाहिजेत, आमचे ऑडिटचे जुने आक्षेपच अजून निघालेले नाहीत.

—

मी पाटोद्याला जाऊन आले, छत्रपती संभाजीनगरजवळचं गाव. पूर्ण कर भरणाऱ्याला तिथं दळण फुकट. आमच्या ग्रामसभेत आम्ही बायकांनी हेच मागितलं, कारण घरातला पुरुष घरपट्टी विसरतो, दळण कुणी विसरत नाही. ठराव झालाय. आता ग्रामसेवक विचारतायत, गिरणीचं लाइट बिल आणि चालवणाऱ्याचा पगार वाढलेल्या वसुलीतून निघेल का? कुणाच्या गावात अशी गिरणी चालू असेल तर महिन्याचा खर्च किती येतो ते प्लीज लिहा, पुढच्या ग्रामसभेआधी हवंय.