३०० जीबीचा बॅकअप: बजेट ५०००, दरमहा पैसे नकोत

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. घरच्या लॅपटॉपच्या बॅकअपसाठी सल्ला हवाय. विंडोज ११ होम, ५१२ जीबी एसएसडी. फोटो-व्हिडिओ २१० जीबी, डीटीपीच्या (छपाईच्या मांडणीच्या) जुन्या फायली ८० जीबी (पेजमेकर, कोरल, श्रीलिपी), स्कॅन केलेली कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा मिळून १० जीबी. बजेट एकदाच ५०००. नेटचा अपलोड २० एमबीपीएस. राहायला चिपळूण, बाजारपेठेजवळ, घर तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ चं पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते वेगळं सांगायला नको. धाकटी बहीण पुण्याला असते, गणपतीला आणि शिमग्याला येते. जुन्या डेस्कटॉपमधली ५०० जीबीची हार्डडिस्क पडून आहे, तिचा काही उपयोग?

नास_पुराण:
दोन बेचा (दोन डिस्क बसणारा) नास, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा घ्या, ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे दोन्हींवर तेच. एक डिस्क गेली तरी दुसरी चालू. माझा चार बेचा आहे, आता मोबाइलचे फोटोसुद्धा आपोआप येतात. एकदा बसवलं की विषय संपला.

कळफलक:
बजेट ५००० लिहिलंय हो, त्यात नासचा रिकामा डबाही येत नाही. शिवाय रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवला तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. आणि पाणी आलं तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात.

नास_पुराण:
स्नॅपशॉट नावाची गोष्ट असते, फायलींची आधीची स्थिती परत मिळते. वाचा जरा.

कळफलक:
स्नॅपशॉटला पोहता येतं का?

गिगाबाईट_गोखले:
३-२-१. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर. ताईंची बहीण वर्षातून दोनदा येतेच, म्हणजे बाहेरच्या प्रतीची सोय आयती आहे. १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क घ्या, बजेटच्या आसपास मिळते. एसएसडी नको. ती बिनविजेची पडून राहिली की चार्ज गळतो. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानकसंस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीला लेखनाचं आयुष्य (डेटा लिहिण्याची ठरलेली मर्यादा) संपल्यावर ३० अंशांवर एक वर्ष डेटा धरून ठेवण्याची अट आहे. नवी एसएसडी याहून बरीच टिकेल, पण कपाटात सहा महिने ठेवायच्या वस्तूसाठी जादा पैसे का मोजायचे?

शून्य_एक:
हार्डडिस्क एकदा हातातून पडली की हेड प्लेटला घासतं, आणि चिपळूण-पुणे एसटीचा प्रवास आहे. एसएसडीच घ्या. सहा महिन्यांनी जोडायचीच आहे ना? मग चार्ज गळण्याचा बाऊ कशाला.

गिगाबाईट_गोखले:
बंद असताना हेड बाजूला पार्क झालेलं असतं. कपड्यांच्या घडीत गुंडाळली तर एसटीत काही होत नाही. धोका असतो चालू डिस्क टेबलावरून ओढली जाण्याचा.

मिरर_मामा:
माध्यमावर भांडण पुरे, पद्धत सांगतो. फ्रीफाइलसिंक हे दोन फोल्डर जुळवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. डावीकडे लॅपटॉपचा फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचा. हिरव्या गिअरमध्ये ‘मिरर’ निवडा, आणि त्याच खिडकीत ‘डिलीट अँड ओव्हरराइट’ खाली ‘व्हर्जनिंग’ निवडून डिस्कवरच ‘जुन्या’ नावाचा वेगळा फोल्डर द्या. हे केलं नाही तर मिरर लॅपटॉपवर उडालेली फाइल डिस्कवरूनही उडवतो. विंडोजमधल्या रोबोकॉपी कमांडचा मिरर पर्यायही तेच करतो, तेही न विचारता. आणि दर वेळी आधी ‘कंपेअर’ दाबून आकडे बघा. एरवी वीस-पंचवीस फायली बदलतात आणि आज हजारो दिसतायत, तर थांबा.

तात्या_कंपोज:
८० जीबी डीटीपीबद्दल कुणीच बोललं नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी हे जुने फॉन्ट युनिकोड (आताची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नाहीत. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला तर लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून ते सगळे टीटीएफ (फॉन्टच्या फायली) वेगळ्या फोल्डरात कॉपी करून बॅकअपमध्ये टाका. काही फॉन्ट यूझर प्रोफाइलच्या ‘ॲपडेटा’तही बसतात, तिथेही शोधा. श्रीलिपीचं सेटअप आणि असेल तर डाँगलही (परवान्याची हार्डवेअर किल्ली) जपा. पेजमेकरच्या फायलीत फोटो लिंक केलेले असतात, त्यामुळे फोल्डर हलवला की लिंक तुटते. प्रत्येक कामाचा फोल्डर अख्खा उचला. जी कामं परत लागणार ती फॉन्ट एम्बेड करून (फायलीतच घालून) पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये शोधायला गेलात तर चिवडाच मिळेल, पण छापताना अक्षर बरोबर येईल.

ढगातला_पांडू:
एवढं सगळं करण्यापेक्षा क्लाउड. २ टीबीचा प्लॅन घ्या, निवांत झोपा. पूर आला काय नि आग लागली काय.

कळफलक:
दरमहा पैसे नकोत हे शीर्षकात आहे, पांडूशेठ. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. ३०० जीबीला सलग ३३ तास, तेही वीज गेली नाही तर. आणि गूगल ड्राइव्हचं सिंक म्हणजे आरसा: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, बिनमध्ये ३० दिवस राहतं, मग नाही.

ढगातला_पांडू:
मग १५ जीबी फुकट मिळतात ते तरी वापरा. कागदपत्रं नि टॅली १० जीबी आहे ना.

गिगाबाईट_गोखले:
हे बरोबर बोललात. पण त्या १५ मध्ये जीमेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून वेगळं खातं काढा. आणि त्यात अधूनमधून लॉगिन करा, दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल खातं पुसू शकतं. सातबारा, खरेदीखत, आधार उघडे चढवू नका. सेव्हन-झिप या फायली एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एईएस-२५६ (कुलपाचा प्रकार) निवडून ‘फाइलची नावंही लपवा’ला टिक करा. पासवर्ड कागदावर, एक प्रत बहिणीकडे.

मिरर_मामा:
टॅली चालू असताना डेटा फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट प्रत येते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय, मग ‘बॅकअप’, जागा निवडा. ती निघालेली फाइल डिस्कवर टाका.

शून्य_एक:
३-२-१ पाळा. एक प्रत घराबाहेर.

कळफलक:
+१, आणि वर आलंय.

सेक्टर_सावंत:
जुन्या ५०० जीबीच्या डिस्कबद्दल: टाकून द्या. तरी बघायचीच असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावा. तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. तिन्हींचा रॉ आकडा शून्य हवा. सी५ म्हणजे वाचायला अडलेले सेक्टर (डिस्कवरचे कप्पे), तिथे शून्याहून जास्त दिसलं तर डिस्कवर भरवसा नाही. सी७ वाढलेला दिसला तर घाबरू नका, तो सहसा केबलचा दोष असतो. डेस्कटॉपमधली डिस्क ३.५ इंची असणार, ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही. १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलाच केस (डिस्कचा बाहेरचा डबा) घ्यावा लागेल. पण पुन्हा सांगतो, जुनी डिस्क बॅकअपला नको.

नास_पुराण:
म्हणून सांगत होतो...

सेक्टर_सावंत:
नवी घेतलीत तरी दोन गोष्टी. एक, पोर्टेबल डिस्क बऱ्याचदा एसएमआर (एकमेकांवर चढत्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) प्रकारच्या असतात. सुरुवातीला १०० एमबी वेगाने जातात, कॅश (तात्पुरती साठवण) भरला की १०-२० वर येतात. डिस्क बिघडलेली नसते, केबल उपटू नका. पहिली ३०० जीबीची कॉपी रात्री लावा. दोन, फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतील.

तात्या_कंपोज:
अवांतर: डीटीपीवाल्यांच्या मशिनवर क्रॅक केलेला कोरल हमखास असतो. स्टॉप-डीजेव्हीयू हे रॅन्समवेअर अशाच क्रॅकमधून पसरलं. ते जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करतं, बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर तीसुद्धा. काम झालं की डिस्क काढून ठेवायची, चोवीस तास लावून ठेवायची नाही.

शून्य_एक:
क्रॅक वापरणाऱ्यांना हेच हवं. अधिकृत घ्या.

तात्या_कंपोज:
जुनं कोरल अधिकृत कुठे मिळतं ते सांगा, मी रांगेत उभा राहतो.

कळफलक:
धागा भरकटतोय. ताई, एक राहिलं. विंडोज ११ होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (आतल्या डिस्कला लागलेलं कुलूप) चालू असू शकतं. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर आतली एसएसडी दुसरीकडे लावून वाचायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती शोधा आणि छापून ठेवा. बाहेरची डिस्क कुलूपबंद करायला होम आवृत्तीत बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं कुलूप) मिळत नाही, त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर.

वाशिष्ठीकाठ:
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं. १ टीबीची हार्डडिस्क घेते, पण ती घरी ठेवणार नाही, पुण्याला जाईल. घरच्या प्रतीला जुनीच ५०० जीबी. सावंतांनी सांगितलेले तिन्ही आकडे बघितले, शून्य आहेत. १२ व्होल्टचा केस घेतला, त्यामुळे बजेटच्या थोडं वर जातंय, चालेल. घरची डिस्क मेली तरी लॅपटॉप आणि पुणे आहे. पाणी आलं तर घरातलं सगळं एकदमच जाणार, मग चांगली डिस्क लांबच असलेली बरी. कागदपत्रं कुलूप लावून क्लाउडवर. नास नाही, एसएसडी नाही.

सेक्टर_सावंत:
जुनी डिस्क नको हे दोनदा लिहिलं होतं. असो. निदान दर महिन्याला सी५ बघा.

गिगाबाईट_गोखले:
पुण्याची प्रत सहा महिने जुनी असणार हे लक्षात घ्या. शिमगा ते गणपती ही मधली फट म्हणजे नेमका अख्खा पावसाळा. त्या काळातल्या नव्या फायली निदान क्लाउडच्या उरलेल्या ५ जीबीत टाका.

मिरर_मामा:
बहिणीच्या हाती देण्याआधी फ्रीफाइलसिंकमध्ये तुलनेचा प्रकार ‘फाइल कंटेंट’ करून एकदा चालवा. एरवी तो फक्त तारीख आणि आकार बघतो. वेळ लागेल, पण खराब वाचली जाणारी फाइल तिथेच सापडेल. मग डिस्क दुसऱ्याच संगणकावर लावून दहा फायली उघडा, त्यात एक पेजमेकरची हवीच.

तात्या_कंपोज:
आधी फॉन्ट टाका म्हणजे उघडेल.

रातराणी_२:
छान धागा. मी सगळं ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ठेवते, चालेल ना?

कळफलक:
एकमेव प्रत असेल तर नाही. स्वस्तात घेतलेला असेल तर आधी एच२टेस्टडब्ल्यू या खरी जागा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासा, काहींवर ३२ छापलेलं असतं आणि आत ८ असतात. जास्तीचं लिहिलेलं कुठलीही सूचना न देता गायब होतं.