पुढं बालमानसोपचारच करायचा असेल तर एमडीसाठी इंदूर सोडावं का? माझं मत: सोडावं

लोकमान्यनगरची_इंटर्न

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला. रँक अशी आहे की इंदुरात सायकियाट्री, म्हणजे मानसोपचार, मिळेल, आणि नशिबानं साथ दिली तर रांचीच्या सीआयपीतही (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री). घरात दोन दिवस दुसरा विषय नाही. आई म्हणते, इथंच राहा, निदान वेळेवर जेवशील. बाबा म्हणतात, "एमडी म्हणजे एमडी. लहान मुलांचं काय शिकायचंय ते पुढं डीएमला शीक." (डीएम म्हणजे एमडीनंतरचं एका खास शाखेचं शिक्षण.)

बाबांचं म्हणणं मला पटत नाही. मुलांचंच काम करायचं ठरलं असेल तर एमडीची जागासुद्धा त्याच हिशोबानं निवडायला हवी, घर सोडावं लागलं तरी.

कारण सांगते. इंटर्नशिपमध्ये एका ओपीडीत बसायचे, कुठली ते महत्त्वाचं नाही. देवासकडून नऊ वर्षांची एक मुलगी आणली होती. शाळेत दोन वर्षं तोंडातून शब्द नाही. रेसिडेंटनं चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं आईनं दिली. मुलगी टेबलाच्या काचेवर बोटानं काहीतरी गिरवत राहिली. कागदावर लिहिलं गेलं, 'सहकार्य करत नाही'. दोघी बाहेर पडल्या आणि दारातच ती आईच्या कानाशी लागून बोलली, "चारची बस निघून गेली का?" स्पष्ट, पूर्ण वाक्य. मी अगदी शेजारी उभी होते. काही मुलं घरात भरभर बोलतात आणि बाहेर त्यांचा आवाजच फुटत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण अशा मुलीशी सुरुवात कशी करायची हे त्या खोलीत कुणालाच येत नव्हतं, मलाही नाही. रेसिडेंटला मी दोष देत नाही. बाहेर साठ माणसांची रांग होती आणि त्याला हे कुणी शेजारी बसून दाखवलेलंच नव्हतं.

सीआयपीत मुलांसाठी वेगळं युनिट आहे, एर्ना होख या स्विस मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाचं. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर मुलांचा स्वतंत्र विभागच आहे, तिथल्या वॉर्डात आई किंवा वडील मुलाबरोबर राहतात. (निम्हान्सला आयएनआय-सीईटी ही वेगळी प्रवेशपरीक्षा लागते. ती मी दिली, जमलं नाही.) आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की अठराच्या आतल्या रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि त्याच्याबरोबर घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस सतत हवं. मग जिथं तशी जागाच नाही, तिथं मुलांना दाखल करणार कुठं, आणि रेसिडेंट दाखल झालेलं मूल बघणार कधी?

बाणगंगेचा_जुना_डॉक्टर

अभिनंदन, बाळ. तुझी तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट विरोध करतो.

मी वीस वर्षांहून जास्त इंदुरात प्रॅक्टिस करतोय, त्यात निम्मी मुलं. मूल एकटं येत नाही. दहा वर्षांचा मुलगा 'फार चिडतो' म्हणून आणतात. तीन भेटींनंतर कळतं की आईला बाळंतपणापासून डिप्रेशन आहे आणि वडील संध्याकाळी सातनंतर शुद्धीत नसतात. तिथं तुला आधी मोठ्यांची डॉक्टर असावं लागतं. दारू सोडताना येणारा झटका, लिथियम या औषधाची रक्तातली पातळी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रात्री दोनला आलेली सून, हे सगळं तीन वर्षांत हाताखालून गेलं पाहिजे. गर्दीच्या सरकारी कॉलेजात ते जातं. मुलांची खास विद्या डीएमची तीन वर्षं शिकवतील, त्यासाठीच ती आहेत.

दुसरं, मुलांचं निम्मं काम ओपीडीच्या बाहेर चालतं. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरणारं), बाल कल्याण समिती, शाळांचे मुख्याध्यापक, दिव्यांग प्रमाणपत्राचा बोर्ड. एवढंच कशाला, अतिचंचल मुलांना (एडीएचडी) देतात ते मिथाइलफेनिडेट कडक नियमांच्या औषधांच्या यादीत, शेड्यूल एक्समध्ये, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, त्यामुळे बरेच दुकानदार ते ठेवतच नाहीत. इथल्या दवा बाजारात चिठ्ठी हातात धरून दुकानामागून दुकान फिरणारे बाप मी पाहिलेत. ही माणसं आणि या वाटा तू इथं राहून शिकशील. रांचीत शिकशील त्या रांचीच्या.

सुदामानगरची_आई

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. तुम्ही दोघं युनिट आणि वॉर्डाचं बोलताय, मला भाषेचं बोलायचंय.

तो तीन वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी सांगितलं, घरात एकच भाषा बोला, हिंदी किंवा इंग्रजी, मराठी बंद करा, तीन भाषांत पोर गोंधळलंय. आम्ही ऐकलं. सासूबाईंना हिंदी बोलता येतं, पण नातवाला मांडीवर घेऊन हिंदीत काय बोलावं ते त्यांना सुचेना. त्या हळूहळू गप्पच झाल्या. त्याच्याशी दिवसभर बोलणारं घरात एकच माणूस होतं, तेच बंद पडलं. वर्षभरानं दुसऱ्या शहरातल्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं की दोन भाषांनी ऑटिझम होत नाही आणि बोलणं मागंही पडत नाही, घरात जी भाषा मनापासून येते तीच बोला. ते वर्ष मला कुणी परत देणार नाही.

बुद्ध्यांकाच्या चाचणीचंही तेच. त्याला हिंदीत विचारलं, त्यानं उत्तरं दिली नाहीत, आकडा खाली आला. नंतर वाचलं की बिने-कामत चाचणी कामतांनी मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती. मराठीत विचारता आली असती, निदान कुणाला तसं वाटायला तरी हवं होतं.

म्हणून बाळा, रांचीला जा नाहीतर इथं राहा. मुलाला त्याच्या आजीच्या भाषेत विचारायचं जिथं शिकवतात तिथं शीक.

तिसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट

ताई, तुमचं वाचून थांबलो. आमच्याकडं आजीला कुणी आत बोलवतच नाही. सोमवारपासून मी बोलवणार.

इंटर्न मॅडमना: 'वेगळं युनिट आहे' एवढ्यावर जाऊ नका. युनिट असलं तरी एमडीच्या रेसिडेंटची पाळी तिथं काही महिन्यांचीच असते, बाकी वेळ मोठ्यांचा वॉर्ड. उलट छोट्या विभागात एखाद्या सरांना मुलांची खरी आवड असेल तर आठवड्यातून एक दुपार तीन वर्षं मिळते. मी अशाच ठिकाणी आहे आणि मला ते जास्त वाटतं. जिल्हा रुग्णालयात तीन महिने जावं लागतंच, ते शीघ्र हस्तक्षेप केंद्राला जोडून मागता येतात का बघा. थीसिस मुलांवर घ्या. आणि विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किती आहेत ते आधी विचारा. त्यांच्याशिवाय लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी होत नाही, नुसती चिठ्ठी पुढं सरकते.

लेस्टरला_गेलेला_इंदोरी

बाहेरचं थोडं सांगतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षं कोअर ट्रेनिंग म्हणजे मानसोपचाराचा पाया, एमआरसीसाइक ही परीक्षा, मग तीन वर्षं फक्त मुलांचं. अमेरिकेत जनरल सायकियाट्री चार वर्षांची आणि पुढं मुलांची दोन, पण तिसरं वर्ष संपलं की मुलांकडं वळता येतं, म्हणजे एकूण पाच. बालरोग, मानसोपचार आणि बालमानसोपचार एकत्र असा पाच वर्षांचा कार्यक्रमही तिथं आहे. दोन्हीकडं मोठ्यांचा पाया आधी, त्यामुळे डॉक्टरकाकांच्या बाजूनं माझं मत. मात्र माझ्या कोअरमध्ये सहा महिने मुलांचे होते, आणि ते नसते तर मी या वाटेला लागलोच नसतो. तेही खरं.

लोकमान्यनगरची_इंटर्न

सर, मोठ्यांची विद्या हवी हे मला मान्य आहे. सीआयपीतही ती भरपूर मिळेल, ते हॉस्पिटल १९१८ पासून चाललंय. 'मुलांचं डीएमला शीक' हे मात्र अजून मान्य नाही. डीएमच्या जागा देशभरात मोजक्या. नाही मिळाली तर? मी एमडी म्हणून इंदुरात बसणार आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीसारखी मुलं माझ्याकडं येणारच, मी तयार असले काय नि नसले काय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना मानसिक आजार आढळला. एवढ्या मुलांना डीएमवाले कुठून पुरतील? ती एमडीवाल्यांकडंच जाणार. म्हणून एमडीतच शिकायला हवं.

सुदामानगरच्या ताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. भाषेचा विचार मी केलाच नव्हता, आणि तो रांचीच्या विरोधात जातो हे कबूल करते. तिथं मला नागपुरी, संथाली काहीच येणार नाही. जी चूक तुमच्या मुलाच्या बाबतीत झाली तीच मी तिथल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत करेन, ही भीती आता बसली आहे.

उद्यापासून दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना फोन करते. शेवटचं मूल तुम्ही स्वतः किती वेळ बघितलं, तेव्हा शेजारी सीनियर कोण होतं, आणि दुभाषा म्हणून कुणाला बसवता, एवढंच विचारणार आहे. रांचीत या तिन्हींची उत्तरं चांगली आली तर मी जाणार.

बाणगंगेचा_जुना_डॉक्टर

मोजक्या जागांचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. तरी मत तेच. जी मुलं शेवटी तुझ्याकडं येणार, त्यांच्या गावात शीक.

कॉलेजांचे चॉइस लॉक करायच्या आधी एक कर. गुरुवारी दुपारी चार ते सात माझ्याकडं फक्त मुलं असतात. पालकांची परवानगी मी घेतो, तू येऊन बस. टेबल नाही, खाली सतरंजी आहे. त्या देवासच्या मुलीचा पत्ता कागदावर असेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगून तिलाही बोलावून घे. फी नको. तिच्याशी पहिला अर्धा तास कुणीच काही विचारणार नाही.

लोकमान्यनगरची_इंटर्न

येते सर. उद्या सकाळीच तिथल्या डॉक्टरांशी बोलते. देवासला परतायची बस सातनंतर किती वाजता आहे, तेही विचारून ठेवते.