‘अज्ञान’, ‘संमती’ आणि ‘परवानगी’

विचारणा (तासगाव) : आमच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर धाकट्या बहिणीच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा आहे. त्याचा अर्थ ‘अज्ञान पालनकर्ता’ असा आहे, हे तलाठ्यांकडून कळल्यापासून बारावीत शिकणारी बहीण ‘मी अज्ञान कशी?’ म्हणून रुसली आहे. दुसरी शंका तिच्या सहलीच्या पत्रकाची आहे. त्यात वर ‘पालकांची संमती’ आणि खाली सहीपाशी ‘परवानगी’ असे छापले आहे. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

उत्तर (सातारा) : ताई, बहिणीला सांगावे की या शब्दाचा बुद्धीशी काही संबंध नाही. बोलण्यात ‘अज्ञान’ हे नाम आहे आणि त्याचे विशेषण ‘अज्ञानी’ होते. दस्तांच्या भाषेत मात्र ‘अज्ञान’ हेच विशेषण असून, कायद्याने ठरवलेले वय जिला पूर्ण झालेले नाही ती अज्ञान, एवढाच त्याचा अर्थ आहे. ते वय १८७५ च्या कायद्याने १८ ठरवले आहे. १९५६ च्या कायद्याचे मराठी नावही ‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम’ असेच आहे. ‘अल्पवयीन’ कानाला सौम्य वाटतो, पण त्याला ‘सज्ञान’सारखा जोडीचा शब्द नाही.

परवानगी अधिकारी देतो आणि संमती हक्कदार देतो. खरेदीखतात ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ यांच्यानंतर कधी ‘संमती देणार’ असतो; तो बहुधा भावकीतला असतो आणि पुढे त्याने हरकत घेऊ नये म्हणून त्याची सही घेतलेली असते. त्याच्या सहीला कोणी ‘परवानगी’ म्हणत नाही. उलट अज्ञानाच्या स्वतंत्र मालकीची जमीन विकायची झाल्यास आईलासुद्धा न्यायालयाची ‘परवानगी’ काढावी लागते. आपल्या पत्रकात आई शाळेला संमती देते आणि मुलीला परवानगी देते, म्हणून दोन्ही शब्द चालतील. मात्र शाळेने एकच निवडावा. (‘संमती’ दीर्घ, पण समासात ‘संमतिपत्र’ ऱ्हस्व, आपल्या पत्रकातही पाहावे.)

पुरवणी (कराड) : वरील भेद फौजदारी कायद्यात अधिक बोचरा होतो. ‘संमतिवय’ म्हणजे शरीरसंबंधाला दिलेली संमती कायदा ज्या वयापासून ग्राह्य धरतो ते वय; हा शब्द १८९१ च्या कायद्याच्या वेळी गाजला. १८६० च्या दंड संहितेतले मुलीचे १० वर्षांचे वय त्या कायद्याने १२ केले. टिळकांनी त्याला विरोध केला आणि आमच्या टेंभूच्या आगरकरांनी पाठिंबा दिला. पुढे ते १९२५ मध्ये विवाहाबाहेर १४, १९४९ मध्ये १६ आणि २०१२ च्या बालक संरक्षण कायद्याने १८ झाले. गावात मात्र ‘मुलगी वयात आली’ हे शब्द १२-१३ व्या वर्षीच उच्चारले जातात. ‘वयात येणे’ आणि ‘सज्ञान होणे’ यांच्यात पाच-सहा वर्षांचे अंतर आहे आणि कायद्याचे संरक्षण नेमके त्या वर्षांसाठी आहे, हे बातमीदारही विसरतात.

‘मुलगी संमतीने गेली होती’ हे वाक्य याच विसराळूपणातून येते. ‘फूस लावून पळवून नेले’ या गुन्ह्यात कायदा पालकाची संमती पाहतो, मुलीची नव्हे. पूर्वी त्यासाठी मुलग्याचे वय १६ आणि मुलीचे १८ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोघांचेही १८ आहे. म्हणून ‘तिची संमती होती’ किंवा ‘नव्हती’ असे न लिहिता ‘तिची संमती ग्राह्य धरली जात नाही’ असे लिहावे. पहिल्या दोन्ही वाक्यांत संमती देण्याचा अधिकार तिला होता, हे गृहीत धरले जाते.

आणखी एक शब्द. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांच्या यादीत, असल्याने राज्यालाही त्यात दुरुस्ती करता येते. पण ती केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची ‘अनुमती’ लागते. वृत्तपत्रे तिथे कधी ‘संमती’ तर कधी ‘मंजुरी’ छापतात. मला ‘अनुमती’च योग्य वाटते, कारण मंजुरी विधानमंडळाने आधीच दिलेली असते.

विचारणा करणारीकडून (तासगाव) : आभार, काका. बहिणीला १८ पूर्ण होताच वयाचा दाखला जोडून शेरा कमी करण्याचा अर्ज तलाठ्यांकडे द्यायचा आहे. तो ती स्वतःच लिहिणार म्हणते, ‘अ.पा.क.’ ही अक्षरे तिला अर्जात पूर्ण लिहायची आहेत.