'सुगम्य' विज्ञान संग्रहालय : नेमका शब्द कोणता?

महालकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरातले काही शिक्षक एक छोटी पुस्तिका लिहितो आहोत. दिव्यांग मुलांना आणि मोठ्यांना विज्ञान संग्रहालय नीट पाहता यावं म्हणून काय काय करायला हवं, हा तिचा विषय. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात १९९२ पासून शाळांच्या सहली जातात, त्यामुळे असं ठिकाण इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अडलंय ते शब्दापाशी. 'ॲक्सेसिबल'ला मराठीत काय म्हणायचं? ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं आणि तेव्हापासून सरकारी कागदांत 'सुगम्य' बसला. आमच्यात कुणी 'सुलभ' म्हणतं, कुणी 'अडथळामुक्त'. मला 'सुगम्य' जरा परका वाटतो. 'सुगम' असताना 'गम्य' कशाला?

धरमपेठवाला

सर, 'गम्य' परका नाही. 'मला संगीतातलं काही गम्य नाही' असं आपण सहज म्हणतो. तिथे गम्य म्हणजे कळणं. मूळ धातू 'गम्' म्हणजे जाणं. पण जाण्याचा अर्थ दाखवणारे धातू जाणण्याचाही अर्थ दाखवतात, असं संस्कृत व्याकरणात मानतात. म्हणून एकीकडे 'दुर्गम' (विदर्भात हा शब्द उच्चारला की गडचिरोलीच आठवते) आणि दुसरीकडे 'बुद्धिगम्य', 'अवगत'. 'सुलभ'मध्ये मिळणं आहे, पोचणं नाही. 'अडथळामुक्त' फक्त वाटेबद्दल बोलतो, वाट जिथे पोचते त्याबद्दल काही सांगत नाही.

हा फरक मला एका प्रदर्शनात कळला. भाची बरोबर होती, ती व्हीलचेअर वापरते. रॅम्प उत्तम होता. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे नियमाप्रमाणेच. आत गेलो तर प्रत्येक बटण टेबलाच्या पलीकडच्या कडेला आणि टेबलाखाली गुडघे जायला जागाच नाही. लंबक मी सोडायचा, चुंबक मी फिरवायचा, ती बघत राहायची. हाताने करून शिकण्यासाठी मांडलेल्या वस्तू, आणि तिच्या हातात काहीच नाही. ती तिथे पोचली होती. पण तिला त्यातलं गम्य झालं नाही. म्हणून माझं मत 'सुगम्य'ला, दोन्ही अर्थांनी.

वरूडची

दादा, तुम्ही तिसरा अर्थ सोडला न! आमच्याकडे वऱ्हाडीत 'गमणे' आहे. पोट्टी लग्न होऊन सासरी गेली की माय पहिलं हेच विचारते, 'गमते का वं तिथं?' करमतं का, जीव लागतो का, वेळ जातो का. धातू तोच. म्हणजे माणूस पोचला पाहिजे, त्याला समजलं पाहिजे, आणि तिथं गमलंही पाहिजे. मागच्या दाराने, सामानाच्या वाटेने आत नेलं तर पोचणं होते, गमणं होत नाही. दार सगळ्यांचं एकच पाहिजे. पुस्तिकेत हे लिहाच.

महालकर

ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. घरी आजी हाच शब्द वापरायची. लिहितोच.

आणखी एक. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ठेवलेल्या प्रतिकृतींना 'स्पृश्य प्रतिकृती' म्हणावं असं एकाने सुचवलंय. चालेल का?

सीताबर्डी६

कृपा करून नको. मी स्वतः अंध आहे, शिक्षिका आहे. व्याकरणाने शब्द बरोबर असेलही. पण दीक्षाभूमीच्या गावात 'स्पृश्य' अशी पाटी लावायची? त्या शब्दाची जोडी कोणती, हे सांगायला नको. 'स्पर्शनीय' जड आहे. सरळ लिहा : 'हात लावून पाहा'.

आणि 'पाहा' शब्दाला घाबरू नका. आम्हाला वाईट वाटेल म्हणून लोक अडखळतात. मराठीत चाखून पाहतात, ऐकून पाहतात, विचारून पाहतात, करून पाहतात. मीही काल मॅच पाहिली असंच म्हणते. 'पाहणं' मराठीने कधीच एकट्या डोळ्यांवर सोडलेलं नाही. आयुष्यभर 'हात लावू नये' ऐकलेल्या माणसाला 'हात लावून पाहा' वाचताना काय वाटतं, ते मी सांगू शकते.

एक तांत्रिक बाब. पाट्या भारती ब्रेलमध्ये असाव्यात. ही पद्धत १९५१ पासून आहे, सहा ठिपक्यांचीच. 'क'चे ठिपके हिंदीतही तेच, मराठीतही तेच. पाटी हाताला सहज सापडेल अशा जागी, दर वेळी त्याच बाजूला हवी. ब्रेल पाटी डोक्याच्या वर लावलेली मी अनुभवली आहे. कुणीतरी माझा हात धरून वर नेला तेव्हा कळलं.

अजनीकर

'मूकबधिर' नको, 'कर्णबधिर' लिहा. ऐकू न येणारे सगळेच काही मुके नसतात, आणि खुणांची भाषा ही भाषाच आहे. वाजवलेला नादकाटा हनुवटीला टेकवू द्या, कंपन कळतं. तारांगणात मात्र काळोखात दुभाष्याचे हात दिसत नाहीत. त्याच्यावर छोटा मंद दिवा हवा, किंवा घुमटाच्या कडेला मजकूर.

महालकर

सगळं टिपून घेतलं. शेवटचा शब्द : स्वमग्न मुलांसाठी आठवड्यातून काही वेळ आवाज, लखलखाट आणि गर्दी कमी ठेवायची, त्याला 'शांत तास' म्हणतोय आम्ही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, स्वमग्नता त्यांत आहेच. म्हणून हा भाग गाळायचा नाही.

वरूडची

सर, माझा मुलगा स्वमग्न आहे. 'शांत' शब्द त्याने फक्त एकाच अर्थाने ऐकलाय : शांत बस, शांत राहा. आनंद झाला की तो जोरात ओरडतो, टाळ्या वाजवतो. पाटीवर 'शांत तास' वाचलं की बाकीचे लोक त्याच्याकडे, माझ्याकडे वळून पाहतील. 'निवांत वेळ' म्हणा. निवांतपणी पोरगं ओरडलं तरी चालते.